सहा ते आठ

समाज सुधारला पाहिजे असं मला साधारणपणे दुपारची झोप झाल्यावर वाटायला लागतं. सकाळी तसं काही वाटत नाही. सकाळी नळाला पाणी येतं किंवा येत नाही, आणि दोन्ही प्रसंगी धाराशिवच्या माणसाला समाजाकडे बघायला सवड नसते. पण चारचा चहा पोटात गेला, अंगणातल्या खुर्चीवर पेपर पसरला आणि समोरच्या कट्ट्यावर गल्लीतली पोरं मोबाइलमध्ये मुंडकी घालून बसलेली दिसली, की माझ्यातला सुधारक डोळे चोळत उठतो. तो उठल्याचं आतल्या खोलीत कसं कळतं कोण जाणे, पण नेमकी तेव्हाच हिची हाक येते, "अहो, उठलाच आहात तर दळण टाकून या." मग सुधारक पिशवीत ज्वारीचा डबा घेऊन गिरणीकडे निघतो.

उभी नोकरी मी एका कार्यालयात आवक-जावक बारनिशीत काढली. जिल्ह्यातले झाडून सगळे प्रश्न माझ्या टेबलावरून गेले आणि प्रत्येकावर मी लाल शाईनं क्रमांक घातला. त्यामुळे प्रश्नांशी माझी ओळख दांडगी. उत्तरं दुसऱ्या विभागात असत. निवृत्तीनंतर तरी उत्तरांकडे वळावं असं मनात होतंच, त्यात 2018 साली केंद्र सरकारनं आकांक्षित जिल्ह्यांची यादी काढली आणि महाराष्ट्रातून नंदुरबार, वाशिम, गडचिरोलीच्या पंगतीला आमचं उस्मानाबादही बसवलं. धाराशिव हे नाव सरकारी कागदावर यायला अजून अवकाश होता. अख्ख्या जिल्ह्याला आकांक्षा असू शकते तर एका निवृत्त लिपिकाला का नसावी, असं मी हिला विचारलं. ती म्हणाली, "असू द्या की. पण पंख्याखाली बसून असू द्या, ऊन फार आहे."

खरं सांगायचं तर आमच्या जिल्ह्यात चांगल्या कल्पनांचा दुष्काळ कधीच नव्हता. पाण्याचा होता. इथल्याच कसबे तडवळ्याला 22 आणि 23 फेब्रुवारी 1941 रोजी महार-मांग वतनदार परिषद भरली आणि तिच्यासाठी खुद्द बाबासाहेब आंबेडकर आले; त्या आडबाजूच्या गावात. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी या जोडप्यानं हॅलो मेडिकल फाउंडेशन उभं केलं आणि गावातल्याच बायकांना शिकवून 'भारतवैद्य' केलं. डॉक्टर यायचा तेव्हा येईल, तोवर ताप मोजायला, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी पाजायला गावात घरचं माणूस असावं, एवढी साधी गोष्ट. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानं लातूर आणि उस्मानाबाद, दोन्ही जिल्ह्यांतली गावंच्या गावं आडवी केली, तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोगानं खेड्यातल्या बायकांना 'संवाद सहाय्यक' म्हणून पुढं आणलं. त्यातल्या कितीतरी जणींनी तोवर ग्रामपंचायतीच्या बैठकीत तोंडही उघडलं नव्हतं. त्या आता घराघरांत जाऊन भिंत कशी मजबूत करायची, सरकारकडून काय मिळणार, कसं मागायचं, हे समजावू लागल्या. त्याच बायकांतून पुढं एक एकराची शेती आली. घरच्या जमिनीतला निदान एकरभर तुकडा बाईनं हक्कानं मागून घ्यायचा आणि त्यात नुसतं सोयाबीन न घालता घरात खाता येईल असं धान्य, कडधान्य, भाजीपाला लावायचा. 2016 साली या संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

या सगळ्या काळात मी काय करत होतो, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. शिक्के मारत होतो.

तर मुद्द्यावर येतो. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. तिथं 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे टीव्ही-मोबाइल बंद. पोरं अभ्यासाला, मोठी माणसं एकमेकांशी बोलायला मोकळी. हे वाचून मी म्हणालो, सांगलीकरांचं काय, त्यांच्याकडे ऊस आहे. पण पुढं कळलं की आपल्याच उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीनंही तेच केलंय, संध्याकाळी सहा ते आठ. आता मात्र सबब उरली नाही. वाडीला जमतं ते जिल्ह्याच्या ठिकाणच्या आमच्या गल्लीला का जमू नये? पण आधी प्रत्यक्ष पाहणी केली पाहिजे. बारनिशीतला माणूस स्थळपाहणीच्या अहवालाशिवाय पुढं सरकत नाही.

हिनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. तुळजापूरला गाडी बदलली, नळदुर्गला हैदराबादकडे जाणारी एस.टी. पकडली, खिडकी मिळाली. आता तास-दीड तास काय करायचं म्हणून नातवानं वाढदिवसाला दिलेल्या वायरी कानात घातल्या आणि मोबाइलच्या दुष्परिणामांवर एका नामवंत मानसोपचारतज्ज्ञाचं भाषण लावलं. भाषण फार सुंदर होतं. मोबाइलमुळे माणसाचं आजूबाजूला लक्ष राहत नाही, हाक मारलेली ऐकू येत नाही, वेळेचं भान सुटतं, असे मुद्दे ते एकामागून एक मांडत होते आणि मी प्रत्येकाला मान डोलावत होतो. भाषण संपलं, डोकं वर काढलं, तर बाहेरच्या पाट्या मला वाचता येईनात. चष्मा पुसला. तरी येईनात. कन्नड होत्या.

कंडक्टरला म्हणालो, "उमरगा?"

"काका, उमरग्याला लई वरडलो की मी," तो म्हणाला. "तुमी मान हलवलाव. मला वाटलं, म्हातारं पुढं जायलंय."

तलमोडची हद्द ओलांडून मी परराज्यात आलो होतो. उतरलो, एका जीपवाल्याच्या हातापाया पडून माघारी निघालो आणि उमरग्याच्या स्टँडवर पोचेपर्यंत साडेआठ झाले. जकेकूरवाडीत तेव्हा टीव्ही-मोबाइल पुन्हा सुरू होऊन अर्धा तास उलटला असणार. हिशेब केला तर त्या संध्याकाळी सहा ते आठ या वेळात उमरगा तालुक्याच्या हद्दीत मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसलेला सगळ्यात वयस्क माणूस बहुधा मीच. सुदैवानं त्यातला बराच वेळ मी कर्नाटकात होतो.

रात्री उशिरा घरी आलो. ही म्हणाली, "बघितलं का गाव?"

"लांबून," मी म्हणालो.

तरीही अहवाल अनुकूलच लिहिला. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रीतसर ठराव टाकला: विषय, संदर्भ, उपरोक्त विषयास अनुसरून वगैरे. अर्ध्या तासात अंगठेच अंगठे. एवढं एकमत आमच्या गल्लीत नालीच्या प्रश्नावरही झालेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला मी ग्रुपवर लिहिलं, "मोबाइल बंद करावेत." सहा वाजून एक मिनिटानं पहिलं उत्तर आलं, "केला." मग, "मी पण." मग, "आम्ही सहकुटुंब केला," आणि सोबत बंद टीव्हीसमोर हात जोडून बसलेल्या कुटुंबाचा फोटो. त्या फोटोला सगळ्यांनी फुलं वाहिली. कुणीतरी मोबाइलमुक्तीवर चारोळी केली, तिला कुणीतरी दुसऱ्या चारोळीनं उत्तर दिलं, आणि पावणेआठला पुण्यातल्या एका सुनेनं विचारलं की हा उपक्रम तिथून ऑनलाइन जॉइन करता येईल का. कोण खरंच बंद ठेवतंय आणि कोण नाही हे तपासायला मी एकेकाच्या नावावर जाऊन तो शेवटचा कधी दिसला हे बघत होतो. आठ वाजता लक्षात आलं की पूर्ण दोन तास न हलता मोबाइलवर असलेला गल्लीतला माणूस एकच होता, आणि त्याच्या नावावर जाऊन बघायची गरज नव्हती.

म्हणजे ग्रुपवर सांगून उपयोग नाही, भोंगाच पाहिजे. भोंग्याला वर्गणी लागते आणि वर्गणी म्हटलं की आमच्याकडे माणसं देवदर्शनाला जातात. म्हणून मी हिच्या माहेरची पितळी परात घेतली, उलथनं घेतलं, गच्चीवर गेलो आणि बरोबर सहाला ती दणदण वाजवायला सुरुवात केली. संध्याकाळची वेळ, गच्ची आणि थाळीचा आवाज या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की आता या देशातल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. 22 मार्च 2020 कुणी विसरलेलं नाही. दारंखिडक्या उघडल्या. पलीकडच्या आजी स्वतःची थाळी घेऊन सज्जात आल्या आणि माझ्या दुप्पट जोरानं वाजवू लागल्या. "कुठला आजार आलाय आता?" अशी खालून विचारणा झाली. मी वरून ओरडून सांगत होतो, पण परातीच्या आवाजात कुणाला काही ऐकू येईना आणि परात थांबवली तर मोहीम थांबली असं दिसेल. वाण्याच्या दुकानापुढं रांग लागली, तेलाचे डबे गेले, आणि ज्याची त्याची मुलं-मुली पुण्या-मुंबईला, त्यांना खुशाली विचारायला गल्लीनं एकदम फोन काढले. सहा ते आठ या वेळात आमच्या गल्लीतून इतके फोन त्याआधी कधीच झाले नसतील.

परातीला मधोमध पोचा आला. त्याबद्दल इथं काही लिहीत नाही, कारण हा लेख ही वाचणार आहे.

पुढच्या बैठकीत समोरच्या बापूंचा विषय निघाला. बापू संध्याकाळी क्रिकेट लावतात, आवाज असा की पंचाचा निर्णय मारुतीच्या देवळात कळतो. ठरावाला त्यांनी अंगठा दिला नव्हता, उलट एक हसरा चेहरा टाकला होता. मी उभा राहिलो. म्हणालो, अशा माणसाला गल्लीनं धडा शिकवला पाहिजे. त्याच्याशी बोलणं नको, त्याच्याकडचं बोलावणं नको, वाण्यानंही त्याला उधार देऊ नये. टाळ्यांसाठी थांबलो. कोपऱ्यातून आमचे वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, "काका, महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 सालचा कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर एक लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. असा कायदा करणारं आपलं पहिलं राज्य." जातपंचायतींनी आणि गावक्यांनी माणसांना वाळीत टाकू नये म्हणून किती लोकांनी किती वर्षं झगडून मिळवलेला तो कायदा, त्यात धाराशिवातून एक समाजसुधारक आत जाणार असं चित्र माझ्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. बैठक अर्धी टाकून मी बापूंकडे गेलो. आपला बहिष्कार नाही हे चारचौघांना दिसावं म्हणून दार उघडं ठेवून बसलो, चहा घेतला, पोहे घेतले, आणि दोघांनी मिळून आठपर्यंत मॅच बघितली. भारत जिंकला.

एवढ्यावर माणसानं थांबावं. पण नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावानं नोव्हेंबर 2024 मध्ये ग्रामसभेत शिवीबंदी केल्याचं माझ्या वाचनात आलं. आईबहिणीवरून शिवी दिली तर पाचशे रुपये दंड. भांडण दोन पुरुषांचं आणि उद्धार घरात भाकरी थापत बसलेल्या बाईचा, हे खरोखरच लाजिरवाणं आहे, आणि या ठरावाबद्दल माझ्या मनात आजही आदरच आहे. आमच्या गल्लीनं ऐपतीप्रमाणे पन्नास रुपये दंड ठरवला. खजिनदार म्हणून कोषागारातून निवृत्त झालेले एक गृहस्थ नेमले, ज्यांनी हयातीत कुणाचं बिल आक्षेपाशिवाय सोडलं नाही. त्यांनी पहिलाच आक्षेप काढला, "शिवी म्हणजे नेमकं काय, याची यादी पाहिजे. नाहीतर वसुलीला अडचण येते."

यादीचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी ते मनापासून केलं. रिक्षास्टँडवर बसलो, बाजाराच्या दिवशी शेळ्यांच्या सौद्यात उभा राहिलो, तालुक्यातालुक्यांचे फरक टिपले, परांडा-भूमकडे काय चालतं, उमरग्याला कानडीच्या सावलीत काय चालतं, ते वेगळ्या रकान्यात लिहिलं. शिव्यांच्या बाबतीत आमचा जिल्हा आकांक्षित नाही, प्रगत आहे. मग देवळासमोरच्या सभेत, बायका-मुलं, म्हातारीकोतारी बसलेली असताना, मी घसा साफ करून यादीचं जाहीर वाचन केलं. कुणाच्या मनात शंका राहू नये म्हणून स्पष्ट उच्चारांसह. सभेत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. खजिनदार मान खाली घालून काहीतरी लिहीत होते. मला वाटलं, इतिवृत्त. वाचन संपलं तेव्हा त्यांनी कागद फाडून माझ्या हातात दिला. पन्नास गुणिले एकोणचाळीस, एक हजार नऊशे पन्नास. खाली टीप होती: परिशिष्टातील स्थानिक प्रकार वेगळे आकारलेले नाहीत, सवलत समजावी.

गल्लीच्या निधीत आजवर जमलेली ती एकमेव रक्कम आहे. त्यातून पावती पुस्तक छापलं.

संक्रांत जवळ आली तेव्हा मी शहाणा झालो होतो, म्हणजे या वेळी भाषण आधी घरात वाचून दाखवायचं ठरवलं. विषय कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. 4 मे 2022 ला त्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. पंधरवड्याच्या आत, 17 मे ला, राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तेच करा म्हणून परिपत्रक काढलं. परिपत्रकाच्या वेगाबद्दल मला व्यावसायिक कौतुक वाटलं. भाषणाचा शेवट मी असा केला होता की, या वर्षीपासून आपल्या घरच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या सर्व भगिनींना, कोणताही भेद न करता, बोलावण्यात यावं. ही तीळ भाजत होती. शेवटच्या वाक्याला तिनं गॅस बारीक केला.

"यावं म्हणजे? मागल्या आळीच्या काकू, पोस्टातल्या वहिनी, बापूंच्या थोरल्या वहिनी, कधीपासून येतात आपल्याकडे. कुंकू लावते, वाण देते, ओटी भरते."

"मला कसं माहीत नाही?"

"तुम्हाला त्या दिवशी घराबाहेर काढतो ना आम्ही. वाणाच्या वाट्या कोण मोजून आणतं दर वर्षी? तुम्हीच. निम्म्या कुणाला जातात वाटलं?"

भाषण चांगलं होतं. त्याच्या पाठीवर मी वाणसामानाची यादी केली.

सहा ते आठचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलंच. मागच्या गल्लीत एक दहावीची मुलगी आहे. एका खोलीचं घर, त्यात टीव्ही, आई चार घरी स्वयंपाक करून सातला येते. ती एकदा दळण द्यायला आली आणि हिला म्हणाली, "आजी, तुमच्या पडवीत बसून अभ्यास करू का?" हिनं सतरंजी टाकली आणि आमचा टीव्ही बंद केला. ठराव नाही, विषय नाही, संदर्भ नाही. दुसऱ्या दिवशी ती मैत्रीण घेऊन आली. मैत्रिणीचा भाऊ आला, त्याला न्यायला त्याची आई आली, ती मेथी निवडत बसली, तिला बोलायला आणखी दोघी आल्या. काही दिवसांनी पडवीत पाय ठेवायला जागा उरेना. बापूही येतात. ते इंग्रजी छान शिकवतात, हे मला या वयात कळलं.

मीही गणित शिकवायला बसलो होतो. अपूर्णांकांची वजाबाकी करताना माझं उत्तर पुस्तकाच्या मागच्या उत्तराशी जुळेना, तेव्हा मी पुस्तकात छपाईची चूक आहे असं सांगितलं. सहावीतल्या एका पोरानं माझ्या हातातून पेन्सिल घेतली, फार प्रेमानं घेतली, आणि छेद समान करून दाखवले. त्या दिवसापासून माझ्याकडे वेगळं खातं आहे. आत येणाऱ्यानं मोबाइल परातीत टाकायचा, आणि परात घेऊन मी बाहेर जिन्याखाली बसायचं. पोचा आल्यामुळे परात कणकेच्या कामाची राहिली नव्हतीच.

मी मोबाइल आवक करतो, आठला जावक करतो. मधल्या वेळात ते वाजत असतात, आणि वाजणारा फोन न उचलणं माझ्या स्वभावात नाही. कर्जवसुलीवाले, लग्न जमवणारे, सोयाबीनचा भाव विचारणारे, सगळ्यांशी मी नम्रपणे बोलतो. कुणाच्या घरी पाहुणे येणार आणि कुणाचा हप्ता थकलाय हे गल्लीत सगळ्यात आधी मला कळतं. परवा हिचा फोन वाजला. माझा मेव्हणा होता. मी काही बोलायच्या आतच तो सुरू झाला, "ताई, दाजींचं ते समाज सुधारायचं खूळ उतरलं का गं?"

मी आवाज जाड केला. "नाही. चालू आहे."

"आं? कोण बोलतंय?"

"वॉचमन," मी म्हणालो.